ताप नेमका कोणत्या दिवशी आला?

पितृपंधरवड्यातली रात्र होती. सव्वाएकच्या सुमारास आमच्या कॅज्युअल्टीत चौतीस वर्षांचा एक तरुण स्वतःच्या पायांनी चालत आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत पत्नी आणि आई होत्या. ताप संध्याकाळीच उतरला होता, त्यामुळे घरची मंडळी निर्धास्त होती. पोट दुखते आहे आणि तीन-चार उलट्या झाल्या आहेत, तेव्हा ॲसिडिटीचे एखादे इंजेक्शन घ्यावे आणि घरी परतावे, एवढ्याच बेताने ती आली होती. पत्नीच्या हातात त्याच दिवशीचा प्रयोगशाळेचा कागद होता आणि त्यावर ‘डेंग्यू एनएस-१ : निगेटिव्ह’ असे छापलेले होते. त्यालाच जोडलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ताप ३ दिवस’ अशी नोंद होती.

सिस्टरनी रक्तदाब घेतला, तो १०४/८६ भरला. नाडी ११८ होती. घाईच्या रात्री नजर वरच्या आकड्यावर जाते आणि १०४ वाचून माणूस पुढे सरकतो. परंतु वरच्या आणि खालच्या आकड्यांत जेमतेम १८ चे अंतर होते, आणि हे अंतर २० किंवा त्याहून कमी झाले की रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपत आहे, शरीर रक्तवाहिन्या आवळून कसाबसा दाब टिकवून धरत आहे, असे समजायचे असते. मी त्याचा हात हातात घेतला. पंखा लांब होता, खोली उबदार होती, तरी बोटे गार होती. नखावर दाबून सोडले तर गुलाबी रंग परत यायला तीन सेकंद लागले. तो मात्र नीट बोलत होता, प्रश्नांना उत्तरे देत होता. डेंग्यूच्या धोक्याच्या अवस्थेतला प्रौढ रुग्ण पुष्कळदा असाच दिसतो. रक्तदाब कोसळण्याच्या अगदी थोडा आधीपर्यंत तो शुद्धीत आणि शांत असतो.

कुठे बाहेरगावी गेला होता का, असे मी विचारले. गौरी विसर्जन आटोपल्यावर, नवमीला, नवरा-बायको बालीला गेले होते आणि पौर्णिमेला परत आले होते. मग मी ताप नेमका कधी सुरू झाला ते विचारले. पत्नी म्हणाली, “तीन दिवस झाले.” त्यावर इतका वेळ गप्प बसलेल्या त्याच्या आई म्हणाल्या, “अगं, तीन कुठले? संकष्टीच्या रात्रीच त्याचं अंग तापलं होतं. चंद्रोदय झाल्यावर पानावर बसला आणि मोदकाला हातसुद्धा लावला नाही त्यानं. मला तेव्हाच शंका आली होती, डॉक्टर.”

मी बोटांवर मोजले. संकष्टीपासून तो पाचवा दिवस होता. पत्नी खोटे बोलत नव्हती. ज्या दिवशी थर्मामीटर लावला आणि डॉक्टरांकडे गेले, तिथून तिची मोजणी सुरू झाली होती. बहुतेक घरांत हेच होते. पहिल्या दिवशीची कसकस, अंगदुखी, जेवणावरून उडालेले मन यांना कोणी ताप म्हणत नाही. परंतु विषाणूची मोजणी तिथूनच सुरू होते, आणि या दोन दिवसांच्या फरकाने हातातल्या त्या कागदाचा अर्थ पुरता बदलला.

एनएस-१ हे डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन आहे. तापाच्या पहिल्या दिवसापासून ते रक्तात सापडू शकते आणि साधारण पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत हळूहळू नाहीसे होते. ज्याला पूर्वी कधी डेंग्यू होऊन गेला आहे त्याच्या शरीरातली जुनी प्रतिपिंडे या प्रथिनाला लवकर गाठतात, म्हणून दुसऱ्या खेपेच्या डेंग्यूत ही चाचणी आणखी लवकर निगेटिव्ह होते. गंमत अशी नाही तर दुर्दैव असे आहे की, दुसऱ्या खेपेचा डेंग्यू हाच अधिक गंभीर होण्याचा संभव असतो. पाचव्या दिवशी आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची प्रतिपिंडे दिसू लागतात, पण दुसऱ्या खेपेला तीही कधी कमी असतात, कधी दिसतच नाहीत. तिसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह एनएस-१ काहीतरी सांगतो. पाचव्या दिवशीचा जवळजवळ काहीच सांगत नाही. कागदावर मात्र दोन्ही सारखेच छापून येतात, आणि घरचे लोक ‘डेंग्यू नाही’ असे वाचतात.

दोन दिवसांपूर्वीच्या रक्ततपासणीत त्याचे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण, ४२ होते आणि प्लेटलेट १,३०,०००. त्या रात्री हिमॅटोक्रिट ५१ आले आणि प्लेटलेट ३८,०००. नातेवाईक प्लेटलेटचा आकडा ऐकून हबकले. मला भीती पहिल्या आकड्याची वाटली, कारण रक्त दाट होत होते, म्हणजे त्यातला द्रव बाहेर निघून जात होता. पलंगाजवळच्या सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसली आणि उजव्या फुप्फुसाखाली पाण्याची पातळ रेघ दिसली. रिंगर लॅक्टेट हे सलाईन सुरू केले, वजनाच्या दर किलोमागे तासाला ५ ते १० मिलिलिटर या हिशेबाने, आणि तासाभराने पुन्हा नाडी, रक्तदाब, लघवी, हिमॅटोक्रिट. डेंग्यूवर विषाणूला मारणारे औषध नाही. जे आहे ते एवढेच मोजूनमापून दिलेले पाणी, आणि ते वेळेत थांबवण्याचे भान.

ताप उतरणे म्हणजे आजार उतरणे, ही आपल्याकडची समजूत फार खोल रुजलेली आहे आणि बहुतेक तापांबाबत ती बरोबरही आहे. डेंग्यूत मात्र ताप उतरण्याच्या सुमारासच, म्हणजे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, केशवाहिन्या झिरपू लागतात आणि पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यांत जोखमीचे असतात. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, माणूस सुस्त किंवा अस्वस्थ होणे, ही लक्षणे ताप उतरल्यावर दिसली तर ती ‘अशक्तपणा’ या शब्दाखाली झाकली जातात. मी हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण रात्री एक वाजता रुग्णाला रिक्षात घालायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे बहुधा तेच ठरवतात.

प्रवासाहून आलेल्या तापाच्या रुग्णापुढे उभे राहिल्यावर मला तीन तारखा हव्या असतात: कधी गेलात, कधी परतलात आणि अंग पहिल्यांदा कधी कसकसले. एकदा त्या मिळाल्या की निम्मे निदान दिनदर्शिकेवर होते. डास चावल्यापासून डेंग्यूचा ताप येईपर्यंत साधारण ४ ते १० दिवस जातात, फार तर १४. चिकुनगुनिया बहुधा ३ ते ७ दिवसांत उभा राहतो, झिका ३ ते १४ दिवसांत आणि पिवळा ताप ३ ते ६ दिवसांत. परतल्यावर तीन आठवड्यांनी पहिल्यांदा ताप आला असेल, तर हे चारही विषाणू त्या प्रवासातून आलेले नसतात आणि आपण दुसरीकडे पाहायला हवे. हिवताप मात्र या मुदती पाळत नाही. पहिल्या डासदंशानंतर पहिला आठवडाभर तो सहसा येत नाही, पण नंतर कित्येक आठवड्यांनी, आणि व्हायव्हॅक्स प्रकारचा तर कित्येक महिन्यांनीही येऊ शकतो.

हिवतापाचे नाव काढले की मला माझ्या निवासी डॉक्टरकीच्या दिवसांतली एक रात्र आठवते. तीही सप्टेंबरमधलीच. वॉर्ड डेंग्यूने भरलेला होता. पन्नाशीच्या आतला एक माणूस थंडीतापाने आला, प्लेटलेट कमी होत्या, आणि मी केसपेपरवर ‘प्रवास : नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून डेंग्यूची तपासणी पाठवली. मी त्याला विचारले होते, “कुठे प्रवास केला का?” आणि तो खरेच म्हणाला होता, “नाही, बारा दिवस घरीच आहे.” तो लागोसमध्ये सहा वर्षे नोकरी करत होता आणि सुटीवर आला होता. त्याच्या लेखी प्रवास म्हणजे देवदर्शन किंवा सहल. लागोस ही कामाची जागा होती आणि बारा दिवसांपूर्वी तो घरी आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुंगीत होता, डोळे पिवळे झाले होते. तेव्हा कुठे रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली आणि फाल्सिपॅरम हिवताप सापडला. आर्टेसुनेट सुरू झाले, अतिदक्षता विभागात डायलिसिस करावे लागले, आणि तो वाचला. परंतु ते आठ-दहा तास माझ्यामुळे वाया गेले होते, आणि फाल्सिपॅरममध्ये आठ तास ही थोडी गोष्ट नसते.

तेव्हापासून मी ‘प्रवास’ हा शब्द वापरत नाही. “गेल्या वर्षभरात पुण्याबाहेर कुठे कुठे राहिलात?” असे विचारते. जहाजावर काम करणारी कोकणातली आणि गोव्यातली मुले, आखाती देशांत असलेले कारागीर, आफ्रिकेत कारखाने सांभाळणारे अभियंते, यांच्यापैकी कोणीही स्वतःला प्रवासी समजत नाही. हेच उलट्या दिशेनेही घडते. लंडनहून किंवा न्यू जर्सीहून लग्नासाठी पुण्या-साताऱ्याला आलेली आपली माणसे हिवतापाच्या गोळ्या घेत नाहीत, दिवसा डास चावू नयेत म्हणून अंगाला काही लावत नाहीत, कारण ती ‘आपल्याच घरी’ आलेली असतात. परत गेल्यावर तिथल्या आपत्कालीन विभागात त्यांना कोणी विचारले तर तीही म्हणतात की सुटीत घरी जाऊन आलो, एवढेच.

म्हणून नियम असा की, हिवतापाचा विषाणूंशी काही संबंध नसला तरी परदेशातून, विशेषतः आफ्रिकेतून आलेल्या प्रत्येक तापात हिवतापाची तपासणी आधी पाठवायची, आणि पहिली निगेटिव्ह आली तरी पुढच्या दोन-तीन दिवसांत ती पुन्हा करायची. त्या रात्रीच्या तरुणाचीही ती पाठवली. विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस हेही सुरुवातीला असेच दिसतात, आणि त्यांच्यावर औषधे आहेत, म्हणून त्यांना विसरून चालत नाही.

विषाणूंमध्येही चेहरे थोडे वेगळे असतात. चिकुनगुनियाचा रुग्ण पुष्कळदा दारातून आत येतानाच ओळखू येतो. तो भिंत धरून चालतो, मनगटे आणि घोटे सुजलेले असतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो आणि तरी तो थरथरतो. ‘चिकुनगुनिया’ हा शब्द टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला असून त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. १९५२ च्या सुमारास तिथेच हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला. महाराष्ट्राला तो नवा नाही, १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली. सांधे इतके दुखतात की रुग्ण येण्यापूर्वीच दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या असतात. डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांतले काहीही घेऊ नये, फक्त पॅरासिटामॉल घ्यावी, कारण एकाच एडिस डासाकडून हे दोन्ही विषाणू येतात आणि कधी कधी एकाच माणसाला दोन्ही होतात. पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी २०२१ च्या जुलैमध्ये राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला, त्या महिलेला चिकुनगुनियाही झालेला होता.

झिकाचे दुखणे बहुधा इतके सौम्य असते की कॅज्युअल्टीपर्यंत येतच नाही. थोडासा ताप, अंगावर पुरळ, लाल पण चिकट नसलेले डोळे, आणि बऱ्याच जणांना तर तेही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, तिचे कारण ताप नव्हता. ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळे जन्माला येत होती, हे होते. पुण्यातही २०२४ च्या जूनपासून एरंडवण्यात आणि मग इतरत्र रुग्ण सापडू लागले, तेव्हा सगळे लक्ष गर्भवती महिलांवर केंद्रित झाले होते.

त्या रात्री अडीचच्या सुमारास रुग्ण जरा स्थिर झाला, हात कोमट लागू लागले, आणि त्याच्या आई चहा आणायला खाली गेल्या. त्याची पत्नी माझ्यामागे मार्गिकेत आली आणि हळू आवाजात म्हणाली, “डॉक्टर, माझी पाळी आठ दिवस पुढे गेली आहे. घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही.” तिला स्वतःला ताप नव्हता, पुरळ नव्हते. मी हा प्रश्न तिला आपणहून विचारायला हवा होता. इंडोनेशियात झिकाचा विषाणू आढळलेला आहे, तो डासाखेरीज शरीरसंबंधातूनही जातो, आणि म्हणूनच अशा ठिकाणाहून परतलेल्या पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने दोन महिने गर्भधारणेची वाट पाहावी असा सल्ला आहे. तो सल्ला पर्यटन कंपनीच्या पत्रकात नसतो. तिची गर्भधारणेची लघवीची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याच्या रक्ताबरोबर लघवीचा नमुनाही झिकाच्या पीसीआरसाठी, म्हणजे खुद्द विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी ठेवला, कारण लघवीत हा विषाणू रक्तापेक्षा अधिक दिवस सापडतो.

नमुना कुठे आणि कसा पाठवायचा, याबाबतीत पुणेकर डॉक्टर भाग्यवान आहेत. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आपल्याच गावात आहे. नुसत्या प्रतिपिंडांच्या चाचणीवर विसंबणे या बाबतीत फार अवघड असते. डेंग्यू, झिका, पिवळा ताप आणि जपानी मेंदूज्वर हे एकाच कुळातले विषाणू आहेत आणि त्यांची प्रतिपिंडे एकमेकांच्या चाचण्यांत शिरतात. केनियाला जाण्यापूर्वी पिवळ्या तापाची लस घेतलेल्या माणसाचा ‘डेंग्यू आयजीएम पॉझिटिव्ह’ हा कागद त्यामुळे जपून वाचावा लागतो. मी त्याच्याकडे लसीचे पिवळे कार्ड मागते आणि त्यावरची तारीख पाहते. पिवळा ताप भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे. २०१६ मध्ये अंगोलातल्या साथीच्या काळात तिथून परतलेल्या ११ चिनी कामगारांना तो ताप झाल्याचे चीनमध्ये आढळले होते. आफ्रिकेहून वा दक्षिण अमेरिकेहून आठवड्याभरात परतलेला, लस न घेतलेला, ताप आणि कावीळ असलेला रुग्ण आला, तर पहिल्या दहा मिनिटांत आरोग्य खात्याला फोन गेला पाहिजे.

आणि अशा प्रत्येक रुग्णाच्या पलंगावर मच्छरदाणी लागली पाहिजे. हे ऐकून नवे सहकारी माझ्याकडे आश्चर्याने पाहतात, कारण आपण मच्छरदाणी निरोग्याला वाचवण्यासाठी लावतो. तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो आणि त्याला चावलेला डास पुढे इतरांना आजार देतो. २००७ च्या उन्हाळ्यात केरळमधून एक माणूस इटलीतल्या रॅव्हेना भागात नातेवाइकांकडे गेला, तिथे त्याला ताप आला, आणि तिथल्या एडिस अल्बोपिक्टस डासांनी बाकीचे काम केले. शेजारशेजारच्या दोन खेड्यांत आणि आसपास मिळून दोनशेहून अधिक लोकांना चिकुनगुनिया झाला. युरोपच्या भूमीवर त्या रोगाचा असा स्थानिक प्रसार त्याआधी कोणी पाहिलेला नव्हता.

सकाळी सहाला हिमॅटोक्रिट ४५ वर आले. दुपारी मामा किवी आणि ड्रॅगन फ्रूट घेऊन आले, काकांनी पपईच्या पानांच्या रसाची बाटली आणली, आणि सगळ्यांचा एकच आग्रह होता की प्लेटलेट चढवा. या आग्रहामागची माया मला समजते आणि मी त्यावर कधी रागावत नाही. पण रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळत नाही, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत दिसले आहे. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट दिलेल्या प्लेटलेटचेच दुष्परिणाम अधिक झाले. मी काकांना बसवून हे सांगितले. त्यांनी शेवटी विचारले, “मग आम्ही करायचं काय?” मी त्यांना दर लघवीचे माप लिहून ठेवायला सांगितले. त्यांनी ते वहीत रेघा आखून, वेळेसकट, दोन दिवस लिहिले, आणि सलाईन कधी कमी करायचे हे ठरवताना त्या वहीचा मला खरोखर उपयोग झाला.

दुसऱ्या रात्री झिरपणे थांबले. बाहेर गेलेला द्रव आता परत रक्तात येऊ लागतो, आणि या वेळी सलाईन तसेच चालू राहिले तर फुप्फुसात पाणी होते, म्हणून ते बंद केले. तिसऱ्या दिवशी त्याचे तळहात खाजू लागले आणि पायांवर लालभडक पुरळ उठले, मध्ये मध्ये पांढरे ठिपके राखून. त्याच्या आई घाबरून म्हणाल्या, “डॉक्टर, ही गोवर तर नव्हे?” मी म्हटले, “काकू, हे आजार जाताना उठणारं पुरळ आहे.”

अहवाल आले. पीसीआरमध्ये डेंग्यू होता, आयजीजी ही जुन्या संसर्गाची खूण सांगणारी प्रतिपिंडे पाचव्याच दिवशी चढलेली होती, म्हणजे हा दुसऱ्या खेपेचा डेंग्यू होता. तेव्हा त्याला आठवले की कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी वसतिगृहात ‘पेशी कमी झाल्या’ म्हणून तो चार दिवस दवाखान्यात होता. नवमीला निघाला, पौर्णिमेला परतला, संकष्टीला ताप आला. ४ ते १० दिवसांची मुदत बालीतल्या मुक्कामावर जवळजवळ तंतोतंत बसते, म्हणून महापालिकेला कळवताना मी ‘बाहेरून आलेला रुग्ण’ असे लिहिले आणि पत्ताही दिला, म्हणजे घराभोवतीची पाण्याची भांडी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासल्या जातील.

झिकाची पीसीआर रक्तात आणि लघवीत निगेटिव्ह आली. पाचव्या दिवशीच्या एका निगेटिव्ह कागदावर मी यावेळीही पूर्ण विसंबले नाही. गरोदरपण संपेपर्यंत निरोध वापरायला सांगितले आणि दोघांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. घरी जायच्या दिवशी तिने सासूबाईंना बातमी सांगितली. बाळाच्या वाढीची सविस्तर सोनोग्राफी पौषात आहे, आणि तिचा अहवाल मला दाखवायला येईन असे ती म्हणाली आहे.